धुऊन आणलेली गाडी

सोमवारी सकाळी रंजनाताईंनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"साहेब, रविवारी गाडीला गिऱ्हाईक येतंय. मुलाने ठरवलंय. त्याच्या आत तुम्हाला काय सापडलं तर बघा, नायतर राहू दे."

"बसा तरी आधी."

"बसून काय करू? इथपर्यंत झकास आली. दिवा नाय, धक्का नाय. तुमच्या दारात आली की शहाणी होते ती."

खोटं नव्हतं. मी गाडीला स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र. त्याने मेमरीतला जुना कोड दाखवला, तोच आधीच्या दोन खेपांना दाखवलेला, आणि खाली लिहिलं की हा फॉल्ट आत्ता हजर नाही. चोर येऊन गेला, आता घरात कोणी नाही, असा पंचनामा. हा पंचनामा मी तिसऱ्यांदा वाचत होतो.

मी नेने. ऑटो इलेक्ट्रिशियन. राहतो डोंबिवलीला आणि माजिवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. इंजिन खोलणारे वेगळे, पत्रा ठोकणारे वेगळे. वायरिंग, सेन्सर आणि कॉम्प्युटर यांची दुखणी माझ्याकडे. वर्कशॉपमधल्या बाकीच्यांच्या मानाने माझा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राहतो आणि याचा मला बरीच वर्षं गर्व होता. तो कसा उतरला, त्याचीच ही हकिकत आहे.

रंजनाताई कोपरीच्या. पन्नाशीच्या आसपास, आवाज मोठा, चाल तिरकी. डाव्या गुडघ्याचा अपघात झालेला, आत रॉड. क्लच दाबायची त्यांची सोय नाही, म्हणून सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम नसतं. गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला आम्ही टीसीएम म्हणतो. हा टीसीएम दोन-चार सेन्सरच्या सांगण्यावरून चालतो. त्यातल्या एकाचा जरी भरवसा वाटेनासा झाला, तर तो जास्त विचार करत नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. हळूहळू घरी जा, असा त्याचा अर्थ. याला लिंप मोड म्हणतात.

तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर फार कळत नाही. पण सिग्नलला थांबून निघायचं म्हटलं की गाडी जागची हलता हलत नाही. माजिवड्याच्या पुलावर चढताना रंजनाताईंची गाडी अशीच रुतल्यासारखी झाली. मागून डंपर येत होता. त्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं. ही गोष्ट त्यांच्या मुलाला कळली आणि त्याने गाडी विकायचं मनावर घेतलं.

"तो बोलतो, आई, आता घरी बस," त्या म्हणाल्या. "त्याचं पण चुकत नाय. पण मी सांगते साहेब, ही गाडी गेली की मी बसले. एकदा बसले की मग माझं उठणं होणार नाय. गुडघा नाय, मीच."

हे त्या रडत वगैरे बोलल्या नाहीत. माझ्या टेबलावरच्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत बोलल्या. त्यांच्यासमोर मला माझ्या स्कॅनरची लाज वाटली.

आधीच्या दोन खेपांचं सांगतो.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा आषाढ संपत आला होता. कोड होता पी झिरो सेव्हन वन फाइव्ह. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट किती फेरे घेतोय, हे मोजणारा एक करंगळीएवढा सेन्सर असतो. त्याचा सिग्नल मधेच गायब होतो, असं त्या कोडचं म्हणणं. बाहेर धो धो पाऊस चाललेला. बॉनेटखालच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं असणार, हे माझं निदान. मी सेन्सर बदलला, कनेक्टर साफ केला, गाडी दिली. त्या भेटीतलं आणखी काही मला आठवत नव्हतं. जॉबकार्डवर सही मात्र माझी होती.

त्यानंतर श्रावण पूर्ण गेला. पाऊस चालूच होता, फॉल्ट एकदाही आला नाही. रंजनाताई सगळ्या देवळांना जाऊन आल्या, बदलापूरला नणंदेकडे जाऊन आल्या, आणि येताना आमच्याकडे पेढे देऊन गेल्या. मी ते पेढे वाटताना मालकांना ऐकवलंसुद्धा की याला निदान म्हणतात.

गौरी-गणपती गेले आणि दोनच दिवसांत त्यांचा फोन आला. दिवा परत लागला होता.

दुसऱ्या खेपेला मी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. सेन्सरपासून टीसीएमपर्यंत एकेक वायर मीटरने तपासली. वायर अखंड असली की मीटर बीप देतो. सगळीकडे बीप. बॉनेटखालची वायरिंग हलवून पाहिली, ओढून पाहिली, ड्रायरने तापवून पाहिली. टीसीएमचा सॉकेट काढून पाहिला, पिना लखलखीत. घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत जाऊन आलो. गाडी इतकी गुणी वागली की मीच चिडलो.

शेवटी मी त्यांना एक छोटी वही दिली. दिवा लागला की लिहायचं: कधी, कुठे, गाडी थंड होती की गरम, चालताना लागला की थांबल्यावर. इंटरमिटंट फॉल्टला, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्याला, हाच उपाय. तो डॉक्टरसमोर येत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

ती वही त्या सोमवारी किल्लीबरोबर टेबलावर आली होती. रंजनाताई तिरक्या चालीने रिक्षाकडे गेल्या आणि आमचे मालक देसाई केबिनमधून बाहेर आले.

"नेने, टीसीएम मागवू या का? बदलून टाका. विषय संपेल."

"आणि नाही संपला तर?"

"मग वायरिंग बदला."

"आणि मग?"

"मग तुम्हाला बदलू," देसाई हसत म्हणाले. माणूस चांगला आहे, पण गाडी तीन दिवसांपेक्षा जास्त थांबली की त्यांना जागा अडल्यासारखी दिसते.

मी म्हटलं, "टीसीएम एकदा बसवला की परत घेत नाहीत. मोजल्याशिवाय मी बाईंना एवढ्या खर्चात पाडणार नाही."

"मग मोजा ना. रविवारपर्यंत मोजा."

टोमणा बरोबर जागी बसला. मी वही घेऊन माझ्या कोपऱ्यात गेलो.

वहीत सात नोंदी होत्या. तारीख एकीलाही नव्हती. वार आणि तिथी होती. 'पंचमी, शुक्रवार, कोलशेत, सिग्नलला थांबल्यावर, गाडी गरम.' 'सप्तमी, रविवार, माजिवडा, ब्रेक मारला मग.' खाडीकाठच्या लोकांना भरती-ओहोटीसाठी तिथी लागते, तारीख नंतर. मी कॅलेंडर घेऊन तिथ्यांच्या तारखा लावत बसलो. त्या दिवशीचं तापमान पाहिलं, पाऊस होता का पाहिलं. एक तक्ता केला, दुसरा केला. काही जुळेना. फक्त 'थांबल्यावर' आणि 'ब्रेक मारल्यावर' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. ब्रेकच्या स्विचचा काही संबंध असेल म्हणून तोही तपासला. चोख होता.

दुपारी जेवायला बसलो. माझ्यासमोर भोईर बसतो. पत्र्याचा कारागीर, मोहन्याहून येतो, ठोकलेली गाडी अशी सरळ करतो की मूळ मालकाला ओळखू येऊ नये. एरवी त्याच्या डब्यात सुकट किंवा कालवण असतं आणि मी जरा लांब सरकून बसतो. मी शाकाहारी. त्यात मोठेपणा काही नाही, घरातली सवय. सोमवार असल्यामुळे त्याच्या डब्यात वाल होते आणि वही आमच्या दोघांच्या मधे होती.

"काका, ह्ये कुणाचं लिवलंय?"

"त्या कोपरीच्या बाईंचं. कधी कधी फॉल्ट येतो त्याची नोंद."

त्याने उष्टा हात लांब धरून डाव्या हाताने पान उलटलं. मग हसायला लागला.

"ह्ये तर आमचे वार हायेत."

"कसले वार?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार. दुसरा वार हाय का ह्याच्यात? सोमवार? गुरुवार? शनिवार?"

मी वही ओढून घेतली. बुधवार, शुक्रवार, रविवार. सातही नोंदी. मी तापमान शोधत बसलो होतो आणि माझ्यासमोर मासळी खायचे वार लिहिलेले होते.

"एक बुधवार सुटलाय बघा," भोईर म्हणाला. "हा मधला. त्या दिवशी दिवा नाय लागला." त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. "संकष्टी होती."

माझा घास हातातच राहिला. मग श्रावण आठवला. श्रावणात सेन्सरमुळे नाही, श्रावणामुळे फॉल्ट थांबला होता. मी ज्या निदानाचे पेढे वाटले, ते निदान पंचांगाचं होतं.

"ती बाई मासळी पोचवते, काका. कॉम्प्लेक्समधी. तुमाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. जॉबकार्डवर वापराच्या रकान्यात 'फॅमिली यूज' लिहिलं होतं. रंजनाताई एकदा म्हणाल्या होत्या की कॉम्प्लेक्समध्ये कामाला जाते, तेव्हा मी धरून चाललो की पोळ्या वगैरे करत असतील. विचारलं नाही. गाडीच्या चौदा वायरी तपासल्या, पण गाडीत काय नेता, हा एक प्रश्न विचारला नाही.

पण मग मासळी नेणारी गाडी माझ्याकडे दोन-दोन दिवस राहिली, मी आत बसून गायमुखपर्यंत गेलो, आणि मला वास कसा आला नाही? उलट आत उदबत्तीचा वास होता. मी उठून गाडीपाशी गेलो. मॅट स्वच्छ, सीट स्वच्छ, डॅशबोर्डवर लिंबाच्या दोन फोडी. गाडी चक्क घासून धुतलेली होती. आतून.

मी रंजनाताईंना फोन लावला.

"ताई, गाडी घेऊन जा. आणि शुक्रवारी दुपारी परत आणा. काम झालं की थेट या. धुऊ नका."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वहीने सांगितलं."

"वास येईल, साहेब."

"येऊ दे."

"बघा हां. मग बोलू नका."

हे 'मग बोलू नका' मला जरा लागलं, पण का लागलं ते तेव्हा कळलं नाही. मला वेगळी काळजी होती. पुढच्या आठवड्यात घट बसणार होते. नवरात्रात पुन्हा डिलिव्हरी बंद, म्हणजे पुन्हा फॉल्ट गायब. आणि त्याआधी रविवारी गिऱ्हाईक. या शुक्रवारी सापडलं नाही तर गाडी गेली आणि बाई बसल्या.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला गाडी आली. येण्याआधी तिचा आवाज आला. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाडीचा एक कण्हल्यासारखा आवाज असतो. दिवा पेटलेला. रंजनाताई चारही काचा खाली करून आलेल्या, तोंड एवढंसं झालेलं.

"आली बघा. तुम्ही सांगितलं तशी आणली."

मी दार उघडलं आणि वास अंगावर आला. खोटं कशाला बोलू, मी एक पाऊल मागे घेतलं. रंजनाताईंनी ते पाहिलं आणि मान फिरवली. मग मी गुडघे टेकून आत वाकलो.

मागची सीट आडवी पाडलेली. तिच्यावर दोन थर्मोकोलच्या पेट्या, रिकाम्या. तिसरी पेटी पुढच्या डाव्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत. तिचा एक कोपरा चेपलेला होता. तिच्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं, आणि कोपऱ्यातून थेंब थेंब गळत होतं. गाडी ब्रेक मारते तेव्हा ते पाणी पुढे जातं. पुढे म्हणजे सीटखाली.

आणि या मॉडेलमध्ये टीसीएम बरोबर पुढच्या डाव्या सीटखाली असतो.

टीसीएम स्वतः लोखंडी पट्टीवर दोन बोटं उंच बसवलेला, म्हणून कोरडा. त्याचा सॉकेट मी पाहिला होता. पण त्याच्याकडे येणारी वायरिंग गालिच्याखालून येते आणि तिथे मधे एक जोड असतो. एक नर, एक मादी, असा प्लास्टिकचा कनेक्टर. बॉनेटखालच्या कनेक्टरना रबराचं सील असतं, कारण तिथे पाणी येणार हे कंपनीला माहीत असतं. केबिनमधल्यांना सील नसतं. केबिनमध्ये माणसं बसतात, पाणी कुठून येणार? कंपनीने तसं धरलं आणि मीही तसंच धरलं. सीट काढायला वीस मिनिटं लागतात. ती मी दोन्ही खेपांना वाचवली होती.

आता सीट काढली. गालिचा उचलला. खाली ओंजळभर पाणी साचलेलं, त्यात तो कनेक्टर पडलेला. उघडला तर पिनांवर हिरवा गंज.

साध्या पाण्यातून वीज फारशी जात नाही. मिठाच्या पाण्यातून मजेत जाते, आणि पेटीतलं पाणी मासळीमुळे खारट झालेलं. सेन्सरच्या सिग्नलची पिन आणि तिच्या शेजारची पिन यांचा एकमेकींशी काही संबंध नसायला हवा. मीटरने रस्ता बंद असं दाखवायला हवं. माझा मीटर चार हजार ओहमच्या आसपास नाचत होता, म्हणजे दोघींमध्ये चोरवाट तयार झालेली. बीपच्या तपासात ही चोरवाट कधीच सापडत नाही. बीप फक्त विचारतो की वायर तुटली आहे का. वायर तुटलेली नव्हतीच. ती शेजारणीशी बोलत होती.

पण एवढ्यावर मी 'सापडलं' म्हणत नाही. श्रावणात तोंड पोळलेलं होतं. माझ्या धंद्यात फॉल्ट घालवता येणं पुरेसं नसतं, तो हवा तेव्हा बोलावता आला पाहिजे. कनेक्टर क्लीनरने धुतला, ब्लोअरने खडखडीत वाळवला, जोडला. स्कॅनरने कोड पुसला, दिवा विझला. देसाईंना बाजूला बसवून एक फेरी मारून आलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर लोण्यासारखे. देसाई पूर्ण वेळ रुमाल नाकाला लावून होते.

परत आल्यावर मी चहाचा चमचा घेतला, पेटीतलं पाणी घेतलं आणि कनेक्टरवर सोडलं. फिरून यायला निघालो तर कोपऱ्यावरच गाडीने धक्का दिला आणि दिवा पेटला.

देसाईंनी रुमाल काढला. "एका चमच्याने?"

"एका चमच्याने."

रंजनाताई गेटपाशी उभ्या होत्या. त्यांना मी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ऐकताना त्या हसल्या नाहीत. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "ताई, मासळी नेता हे आधी का नाही सांगितलंत? दोन महिने वाचले असते."

"तुम्ही विचारलं का?"

"नाही, पण—"

"आणि पहिल्यांदा आणली तेव्हा वास येतच होता की. तेव्हा मी धुतलेली नव्हती. तुम्हीच बोललेले, पुढच्या वेळी गाडी आतून धुऊन आणा. मी काय लपवलं नाय. तुम्ही सांगितलं ते केलं."

"मी? मी असं म्हणालो?"

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

मला खरंच आठवत नव्हतं. मी आत गेलो आणि फाइलमधून पहिलं जॉबकार्ड काढलं. रिमार्कच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आतून दुर्गंधी. इंटिरिअर धुऊन आणणे. ग्राहकास सांगितले.' खाली माझी सही.

म्हणजे पहिल्याच दिवशी ओला, खारट पुरावा माझ्या नाकापर्यंत आला होता. मी त्याला दुर्गंधी म्हटलं आणि तो पुसून आणायला सांगितलं. त्यानंतर ही बाई प्रत्येक वेळी वर्कशॉपला यायच्या आधी दुखऱ्या गुडघ्यावर बसून गाडी आतून घासत होती. बादलीभर साध्या पाण्याने कनेक्टरवरचं मीठ धुऊन जायचं, दारं उघडी ठेवून ती गाडी वाळवायची, आणि मग माझ्याकडे गुणी गाडी यायची. त्या तिला शहाणी म्हणायच्या, मी गुणी. माझ्या कामाच्या एवढ्या वर्षांत मी एकाही माणसाला चुकीचा पार्ट लावून फसवलं नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो. त्या कार्डाकडे बघताना मला ते आठवलं आणि फार ओशाळल्यासारखं झालं.

शनिवारी काम केलं. कनेक्टर कापूनच टाकला. एकेक वायर सोल्डर करून जोडली, प्रत्येकीवर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवली आणि सगळा गठ्ठा सीटच्या पट्टीला उंच बांधला. भोईरने फरशीचा गंज घासून प्रायमर मारला. वर फुकटचा सल्लाही दिला की थर्मोकोल सोडा, केटरिंगवाल्यांकडे असतात तशा झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या घ्या आणि खाली काठ असलेला ट्रे ठेवा.

संध्याकाळी रंजनाताई गाडी न्यायला आल्या. भोईरला मी मुद्दाम समोरच उभा ठेवला होता, नाहीतर मी शब्द गिळले असते.

"ताई, ते मीच म्हणालो होतो. कार्डावर लिहिलेलं सापडलं. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वास येतोच मासळीला. फुलं थोडीच विकते मी?" मग किल्ली घेतली. "उद्या पापलेट आहे. सगळ्या बिल्डिंगींची ऑर्डर आहे. दिवा लागला तर दुपारी गिऱ्हाईकाला देऊन टाकीन. भाऊ, खरं सांगा, लागेल का?"

साहेबाचा भाऊ झाला होता. मी म्हटलं, "लागू नये." नाही लागणार, असं म्हणायचा धीर झाला नाही.

रविवारी मी घरी होतो. बायकोने दोनदा विचारलं की वरणात मीठ कमी आहे का. फोन ताटाशेजारी होता. साडेबाराला वाजला.

"भाऊ, माल संपला."

"दिवा?"

"कसला दिवा?" आणि मग त्या जोरात हसल्या. मुलगा बरोबर होता. सगळ्या सिग्नलना थांबत, पुलावर चढत-उतरत त्याने स्वतः पाहिलं होतं. दुपारच्या गिऱ्हाईकाला त्यानेच फोन करून नाही सांगितलं.

मी मात्र जॉब बंद केला नाही. दुसऱ्या दिवसापासून नवरात्र. देसाई म्हणाले, "झालं ना आता?" मी म्हटलं, दसरा होऊ दे. दसऱ्यानंतरचा पहिला बुधवार गेला, शुक्रवार गेला, रविवार गेला. मग फाइलवर सही केली आणि मनातल्या मनात पेढे परत केले.

तेव्हापासून गाडी आत घेताना मी दोन प्रश्न जास्त विचारतो. गाडीत काय नेता, आणि कोणत्या वारी. काही जण चमकून बघतात. एका गृहस्थांनी तुम्ही पत्रिका बघता का असंही विचारलं. बघू देत. गाडी जशी वापरात असते तशीच आणा, असं मी फोनवर सांगतो. आजारी माणसाला कोणी पावडर लावून दवाखान्यात नेत नाही.

थंडीत रंजनाताई गाडीच्या सर्व्हिसिंगला आल्या. शुक्रवार होता. भोईरसाठी कागदात गुंडाळलेले बोंबील आणि माझ्यासाठी एक नारळ घेऊन आल्या. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मी दार उघडलं. गाडी धुतलेली नव्हती.

मी आत बसलो आणि जॉबकार्ड मांडीवर घेतलं. वापर या रकान्यात लिहिलं, 'मासळी.' किलोमीटर लिहिले, पेट्रोल किती आहे ते लिहिलं. रिमार्कचा रकाना आला तेव्हा पेन जरा थांबलं. तो मी रिकामा सोडला.